पहिल्याच फेरीत हरलेल्यांच्या वतीने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका निवृत्त गुरुजींचं पत्र वाचलं. कॉलेजातल्या पोरापोरींनी खेळाच्या नादी लागून उमेदीची वर्षं मातीत घालू नयेत, त्यापेक्षा अभ्यासिकेत बसावं, असं त्यांनी कळकळीनं लिहिलंय. आपल्या भागातल्या किती पोरांना पदक मिळतं आणि किती जणांना खेळावर नोकरी लागते, हा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. उत्तर द्यायला मी बसले, कारण मला पदकही मिळालं नाही आणि खेळावर नोकरीही लागली नाही.

मी एसटीत वाहक आहे. दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यात माझ्या फेऱ्या असतात. वीसेक वर्षांपूर्वी बी.ए. करताना मी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या मुलींच्या खो-खो संघात होते. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो, पहिल्याच सामन्यात डावानं हरलो आणि परत आलो. कारकीर्द म्हणाल तर एवढीच. तरी कॉलेजात काय कमावलंस असं कोणी विचारलं, तर डिग्रीच्या आधी माझ्या तोंडी खो-खो येतो.

गावाकडच्या आईबापांना ही वाट ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगते. आधी कॉलेजचा संघ. मग विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. आमच्या विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि बुलडाणा असे पाच जिल्हे येतात, तेव्हा तिथेच पुष्कळ गाळणी होते. त्यातून निवड चाचणी, मग प्रशिक्षण शिबिर, मग भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय स्पर्धा, आणि तिथे टिकलात तर अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांची आपसातली 'अश्वमेध' स्पर्धा वेगळी. २०२० साली भुवनेश्वरपासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या, त्या आमच्या वेळी नव्हत्या. विद्यापीठाकडून खेळलेल्याला विद्यापीठाचं नाव मिरवणारा कलर कोट मिळतो. आमच्याकडे त्या कोटाचा मान असा, की माझ्या एका मैत्रिणीच्या लग्नाच्या बायोडाटात उंची आणि रंगाच्याही आधी 'विद्यापीठ कलर कोट' लिहिलेलं होतं. पाहुण्यांना वाटलं पोरगी शिवणकाम करते.

आता फायद्याचं. पहिला सांगितला तर गुरुजी हसतील. कागदपत्रं! विद्यापीठाकडून खेळायचं तर पात्रतेचा फॉर्म भरावा लागतो. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, फोटोवर प्राचार्यांची सही. माझ्या सनदेवर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं आणि घरात ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. खो-खोच्या फॉर्मपायी आम्ही शाळेत, मग बोर्डाच्या कार्यालयात गेलो आणि नाव दुरुस्त करून आणलं. पुढे एसटीच्या भरतीत कागद तपासायला बसलेल्या साहेबांनी नेमकं तेच नाव ताडून पाहिलं. माझ्या रांगेतल्या एका पोरीला तेवढ्यासाठी परत पाठवलं गेलं.

दुसरा फायदा अंगाचा. शिबिरात सरांनी आम्हा सगळ्या मुलींचं रक्त तपासून घेतलं. बहुतेकींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, माझंही. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, ते मी अलीकडे वाचलं. तेव्हा फक्त एवढं कळलं, की दुसऱ्या डावात पाय जड होतात ते आळसानं होत नाहीत. सरांनी वहीत लिहून दिलं: रोज मूठभर चणे, गूळ, पालेभाजी, जमलं तर अंडं, आणि जेवणानंतर लगेच चहा नको. वही घेऊन घरी गेले. आजी म्हणाली, "आता पोरीले बी अंडे लागतात काय वो?" आईनं काही उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भावाच्या ताटाबरोबर माझ्याही ताटात उकडलेलं अंडं येऊ लागलं. तोवर आमच्या घरात मी काय खाते, पुरेसं खाते का, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारत नाहीत म्हणून राग नव्हता, विचारायची पद्धतच नव्हती. मुलगी विद्यापीठाकडून खेळणार, हे कारण पुढे आलं म्हणून ताट बदललं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हेही त्याच वहीत होतं.

तिसरं म्हणजे बाहेर पडणं. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं गुजरातेत गेलो. संघातल्या निम्म्या मुली पहिल्यांदाच आगगाडीत बसत होत्या. आमच्या भागाला गाडी म्हणजे अरुंद रुळांवरची शकुंतला, तीही रडतखडत चालणारी, आता तर बंदच. सोबत एक मॅडम व्यवस्थापक होत्या, म्हणून बाबांनी सोडलं. मुलींच्या संघाबरोबर बाई असणं किती गरजेचं आहे हे पुरुषांना सांगून कळत नाही. मासिक पाळी आली तर सरांना काय सांगणार? तिथे एका वसतिगृहाच्या हॉलमध्ये गाद्या टाकून उतरलो. पहिल्या जेवणात वरण गोड लागलं. एकीला वाटलं चुकून खीर वाढली. मग दिग्रसच्या मुलीनं पिशवीतून ठेश्याची बरणी काढली आणि शेजारच्या पंक्तीतल्या राजस्थानच्या मुली ती मागून मागून खाऊ लागल्या. भाषा धड येत नसताना ओळख अशीच होते.

सामन्याचं सांगण्यासारखं फार नाही. आमची संरक्षणाची पहिली तुकडी उतरली आणि तिन्ही गडी इतक्या झटपट बाद झाले, की दुसऱ्या तुकडीच्या मुलींच्या बुटांच्या नाड्याही बांधून व्हायच्या होत्या. समोरच्या संघाची आक्रमक खांबापाशी आली की तिथेच आमचा गडी सापडायचा. आम्ही सराव केलेलं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल आणि दिवाळीनंतर बोट जाईल एवढ्या भेगा. मुरूम टाकून सर ते कसंबसं खेळण्याजोगं करायचे. अशा जमिनीवर सूर मारायला कोणाची छाती होणार? त्यामुळे आम्ही खांबाजवळ आलो की थांबायचो, दोन्ही हातांनी खांब धरायचो, मग वळायचो. तेवढ्यात गडी पसार. समोरच्या संघातल्या मुली मात्र धावत्या वेगातच एका हातानं खांब धरून अख्खं अंग बाहेर झोकून द्यायच्या आणि मोकळा हात पार पलीकडे पोचवायच्या.

सामना संपल्यावर नळावर पाणी प्यायला गेलो, तर त्यातलीच एक मुलगी भेटली. आमच्यातल्या एकीनं तिला सरळ विचारलं, हे कसं करता? ती तिथेच, नळाशेजारच्या लोखंडी खांबावर दाखवायला लागली. पाय खांबाच्या बुडाशी किती जवळ, हात कुठे, मान कुठे, नजर कुठे. आमच्याकडून करवून घेतलं, चुकलं तर खांदा धरून वळवलं. दहा मिनिटांपूर्वी तिनंच आम्हाला धूळ चारली होती. परत आल्यावर आम्ही सरांकडून खांबाच्या भोवतालची माती खणून घेतली, रेती टाकली आणि तेच घटवलं. पुढच्या साली आमच्या कॉलेजच्या मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आधीपेक्षा पुढे गेल्या. विद्यापीठाच्या खेळातून खेड्यात विद्या येते ती अशी. कोणी शिष्टमंडळ पाठवत नाही, हरलेल्या पोरी घेऊन येतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून भारताच्या मुलींनी आणि मुलांनीही तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्या रात्री माझी मुक्कामी गाडी होती. गावातल्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पोरंपोरी मोबाईलवर सामना पाहत होती. त्यातल्या एका पोरीला खांबावरच्या सुराची खुबी मी समजावून सांगितली. ती म्हणाली, "बाई, तुमाले कसं मायीत?" कंडक्टरीणबाईला तिकीट फाडण्यापलीकडे काही येतं, हेच तिला नवल.

गुरुजींच्या पत्रात आणखी एक मुद्दा होता, की खेळण्यापेक्षा पोरांनी भरतीची तयारी करावी. गुरुजी, जरा माझ्या पहाटेच्या पहिल्या फेरीत या. अंधारात राज्य महामार्गाच्या डांबरावर पोरं धावताना दिसतील. गडद टी-शर्ट, पायात दोनशे रुपयांचे बूट, मागून येणारे कापसाचे ट्रक. आमचे चालक भाऊ त्या टापूत गाडी विसाच्या वर नेत नाहीत. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. यात निम्मे गुण पडले तरच लेखीचा विचार. म्हणजे भरतीची तयारी म्हणजेसुद्धा मैदानच! फरक एवढाच, की रस्त्यावर धावणाऱ्याला शिकवणारं कोणी नाही. अंग गरम न करता निघतात, रोज तेवढंच अंतर तेवढ्याच जोरानं, महिनाभरात नडगी धरते, मग आयोडेक्स चोळत घरी बसतात. जरा पैसेवाल्यांची पोरं अकादमीत फी भरतात. जे पोरगं कॉलेजच्या क्रॉसकंट्री किंवा ॲथलेटिक्सच्या संघात असतं, त्याला हे सगळं सर फुकटात शिकवतात. विश्रांतीचा दिवस कधी, डोंगराळ रस्ता कधी, छोट्या धावा कधी. माझ्या गाडीतून जाणारी गोळाफेकीची एक मुलगी आज पोलीस शिपाई आहे. कॉलेजात चार किलोचा गोळा रोज हातात असायचा, तेव्हा भरतीत तो तिला नवा नव्हता. तिला खेळाडूंचं आरक्षण लागलंच नाही, ती महिलांच्या यादीतून लागली.

आरक्षणाबद्दल गुरुजींचं बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे खरं, पण त्या भरवशावर खेळायला निघालेलं पोरगं फसतं. प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं, क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी झाली का, हे सगळं पाहिलं जातं, आणि बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं तर आपल्याच पेपरात वाचली. विद्यापीठाचे प्रोत्साहन गुणही कोणाची गाडी पार लावत नाहीत, फार तर काठावरच्याला हात देतात. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला सह-अभ्यासक्रम म्हणून श्रेयांक (क्रेडिट) आलेत, पण मैदानावर पाय न ठेवता ते कसे पदरात पाडायचे, यावर पोरं गाडीत खुलेआम चर्चा करत असतात. दुखापतीचंही आहे. आमच्या संघातल्या एकीचं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. उपचाराला बापानं बैल विकला. कॉलेजनं एक शुभेच्छापत्र दिलं. तिचा बाप खेळाला शिव्या घालतो, आणि त्याला गप्प बस म्हणायची माझी छाती नाही.

पण यावर तोड म्हणून खेळ बंद करायचा, की ज्यांनी व्यवस्था पाहायची त्यांना जाब विचारायचा? मला विचारायचं ते असं.

प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्क लिहिलेलं असतं. प्रत्येक पोरगं ते भरतं, खेळणारंही आणि न खेळणारंही. जमा किती झालं आणि त्यातून जाळी, चेंडू, गोळे, मुरूम, प्रवास, औषधपाणी यांवर किती गेलं, हे वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावायला काय हरकत आहे? ग्रामपंचायत जमाखर्च मांडते, कॉलेजनं का मांडू नये? खेळाडूंचा विमा याच पैशातून काढला, तर बैल विकायची पाळी येणार नाही.

दुसरं माझ्या खात्यातलं. सरावाची वेळ सर ठरवत नाहीत, शेवटची गाडी ठरवते. कॉलेज सुटतं चारला, गाडी सव्वापाचला. ती चुकली की मुलीला घरी जायचं साधन नाही, मग पुढच्या वर्षी ती संघातच नसते. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. कॉलेजात गेलं की सवलतीचा मासिक पास, तोही गाव ते कॉलेज एवढ्याच मार्गावर चालणारा. सामन्याला दुसऱ्या तालुक्यात जायचं तर तिकीट काढा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा माझ्या गाडीतल्या खेळाडू पोरींनी पहिल्यांदा स्वतःहून टाळ्या वाजवल्या. शेवटच्या गाडीचं मात्र तसंच आहे. मी आगारात काम करते म्हणून सांगते, प्राचार्यांच्या सहीचं पत्र, सोबत पासधारक विद्यार्थ्यांची यादी आणि हवी ती वेळ, एवढं आगार व्यवस्थापकांकडे आलं की विचार होतो. एका मार्गावर अशी फेरी पाऊण तास पुढे सरकलेली मी पाहिली आहे. आमदारांकडे निवेदन देताना फोटो काढण्यापेक्षा हे पत्र लवकर काम करतं.

तिसरं तारखांचं. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आसपास, मग दिवाळीपासून कापसाची वेचणी, त्यातच हिवाळी परीक्षा, आणि नेमक्या त्याच दिवसांत आंतरमहाविद्यालयीन सामने. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. घरातली वेचणारी पोर मैदानावर गेली की तेवढे किलो कमी. शहरातल्या माणसाला हे सुचणार नाही, पण आमच्या मुली संघातून गळतात त्या ह्या हंगामात. विद्यापीठ कायद्यानं क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे. त्या मंडळानं वेळापत्रक आखताना परीक्षा विभागाला शेजारी बसवावं, आणि जमल्यास मुलींचे मैदानी खेळ पोळ्याच्या आगेमागे उरकावे. पाऊस असतो हे खरं. खो-खोला मॅट चालते, आणि तालुक्याला एक बंदिस्त हॉल एवढं मागणं जास्त नाही. परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्या तर खेळाडूनं काय करायचं, तो नियमही प्रवेशाच्या वेळीच छापून हाती द्यावा. नाहीतर पोरं एकमेकांना विचारून निर्णय घेतात.

आणि सर. आमच्या वेळी कॉलेजला शारीरिक शिक्षणाचे पूर्णवेळ सर होते. आता माझ्या मार्गावरच्या एका कॉलेजात ते पदच रिकामं आहे, ग्रंथपाल फॉर्मवर सह्या करतात. ज्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, जिथले मल्ल आणि कबड्डीपटू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आले, तिथून तासा-दोन तासांवर ही गत. शारीरिक शिक्षणाच्या पदव्या घेतलेली पोरं त्याच माझ्या गाडीतून तासिका तत्त्वाच्या मुलाखतींना जातात.

शेवटी आपल्यालाही एक विनंती, संपादक साहेब. गावोगावच्या ५५ किलो वजनगटाच्या कबड्डी सामन्यांची बातमी आपण छापता, ती छापावीच. पण त्यात नारळ फोडणाऱ्या पुढाऱ्यांची नावं अर्धा कॉलम असतात आणि विजेत्या चमूचं नाव शेवटच्या ओळीत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचं तेवढंही येत नाही. सप्टेंबरपासून जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा चौकट द्या: कुठल्या कॉलेजचा कुठला सामना, कधी, कुठे, निकाल काय आणि हरलेला संघ कोणता. संघातल्या सगळ्या मुलींची नावं छापा, बाकावर बसलेल्यांची सुद्धा. ते कात्रण मी गाडीत चालकामागच्या पत्र्यावर चिकटवीन. नियमात बसत नाही, पण आमचे तपासनीस खो-खोवाले आहेत.

आपली,
एक एसटी वाहक, माजी विद्यापीठ खेळाडू
दारव्हा, जि. यवतमाळ
(नोकरीत असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)